ऊलाँग घ्यायचा तर दुकानातच भिजवून बघा

प्रश्न असा: साताऱ्यातल्या एका चहा पावडरच्या दुकानात, नेहमीच्या ममरी (दाणेदार चहा) आणि डस्टच्या डब्यांशेजारी ऊलाँग चहाच्या तीन बरण्या आल्या आहेत. एकीत हिरवट घट्ट गोळ्या, दुसरीवर ‘मिल्क ऊलाँग’ अशी चिठ्ठी, तिसरीत दार्जिलिंगची तपकिरी लांबट पानं. मागे १०० ग्रॅम नेला तो घरी पाणचट लागला. चव कशी पाहायची, कोणता घ्यायचा आणि किती?

आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. बरणीत नाक घालून ऊलाँग घेऊ नका. दुकानात ५ ग्रॅम भिजवा, त्याच पानावर पुन्हा पुन्हा पाणी ओतून तिसऱ्या पाण्यापर्यंत प्या, भिजलेलं पान बशीत पसरून बघा आणि मगच २५ किंवा ५० ग्रॅम घ्या. मागचा चहा पाणचट लागला यात चहाचा दोष असेलही, पण बहुतेक वेळा पान कमी आणि पाणी जास्त होतं, किंवा पाणीच वाईट असतं.

बरणीवरच्या ‘ऊलाँग’ या एका शब्दावरून फार कळत नाही. झाड तेच, ज्याच्यापासून आपली ममरी होते. पान तोडल्यावर ते उन्हात आणि मग सावलीत मलूल होऊ देतात. नंतर बांबूच्या सुपांत किंवा फिरत्या पिंपात घोळवतात, म्हणजे पानाच्या फक्त कडा ठेचल्या जातात. ठेचलेल्या कडा हवेने तांबूस होतात, मधला भाग हिरवा राहतो. हवं तेवढं झालं की तापलेल्या कढईत किंवा पिंपात पान भाजून ही क्रिया थांबवतात, मग वळतात, सुकवतात आणि पुष्कळदा पुन्हा मंद आचेवर भाजतात. कडा किती तांबूस होऊ द्यायच्या हे बनवणाऱ्याच्या हातात असतं. ते प्रमाण १०-१५ टक्क्यांपासून ७०-८० टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं. शेवटची भाजणी ही दुसरी आणि वेगळी गोष्ट. म्हणून दुकानदाराला दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे: पान किती मुरवलंय, म्हणजे कडा किती तांबूस होऊ दिल्यात, आणि भाजणी किती आहे. पेल्यातला तपकिरी रंग या दोन्हींपैकी कशानेही येतो, त्यामुळे नुसत्या रंगावरून निदान करता येत नाही.

चीनच्या फूज्येन प्रांतातल्या आन्शीचा आजकालचा तिएग्वानयिन बहुतेक हलका, हिरवट, फुलांच्या वासाचा असतो. तैवानचा डोंग डिंग परंपरेने मध्यम मुरवलेला आणि मध्यम भाजलेला. फूज्येनमधल्याच वूयी डोंगरातले ‘खडकावरचे’ चहा काळपट, लांबट आणि चांगले भाजलेले. तैवानचा ओरिएंटल ब्यूटी खूप मुरवलेला असतो. त्यातला मधासारखा वास तुडतुड्यांनी पान चावल्यामुळे येतो, त्यासाठी त्या मळ्यांत फवारणी टाळतात. दार्जिलिंगचा ऊलाँग बहुधा गोळीचा नसतो. तो मोकळ्या वळलेल्या पानांचा आणि काळ्या चहाकडे झुकणारा असतो.

दुकानात जाताना पिशवीत टाकायच्या वस्तू थोड्या आहेत, पण त्यांच्यावाचून बाकी सगळं अंदाजपंचे होतं. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा. आतून पांढरे, साधारण १२० मिलीचे चिनीमातीचे दोन कप आणि झाकायला दोन बशा. बारीक गाळणी. मोबाइलचं घड्याळ आहेच. आणि घरच्या पिण्याच्या पाण्याचा भरलेला थर्मास. थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळून गच्च भरला, तर तासाभरानेही पाणी नव्वदच्या आसपास मिळतं. शेजारच्या टपरीवरून गरम पाणी मागवायचा मोह होतो, पण तिथल्या भांड्याला दूध-आल्याचा वास असतो आणि ऊलाँगमध्ये तो पहिल्याच घोटाला कळतो. स्टीलचा पेला नको. चव फारशी बिघडत नाही, पण रंग दिसत नाही आणि वासही नीट पकडता येत नाही.

घरचंच पाणी का, तर चहा तुम्ही घरीच पिणार आहात. कृष्णाकाठच्या बऱ्याच गावांत, सांगली-मिरजेकडे विशेषतः, बोअरचं पाणी जड असतं. अशा पाण्यात ऊलाँगचा वास दबतो, रंग गढूळ तपकिरी येतो, वर तेलकट साय धरते आणि फुलाचा वास असलेला चहा उकडलेल्या पालेभाजीसारखा लागतो. आपल्या दूध-साखरेच्या चहात हे सगळं झाकलं जातं, म्हणून इतकी वर्षं लक्षात आलेलं नसतं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) असेल तर ५० ते १५० च्या दरम्यानचं पाणी धरा. आरओचं पाणी २० च्या खाली उतरलं असेल तर चहा पातळ आणि टोकदार लागतो. त्यात थोडं नळाचं उकळून निवळलेलं पाणी मिसळलं की सुधारतो. फक्त जड पाणीच उपलब्ध असेल तर ते पाच मिनिटं उकळून, थोडं थांबून वरचं पाणी ओतून घ्या. क्षाराचा काही भाग तळाशी बसतो.

पाणी किती गरम, याची भीती अनेकांना असते. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे, त्यामुळे इथं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. भाजलेल्या ऊलाँगला उकळतं पाणी सरळ ओता. हिरवट गोळीच्या चहाला उकळी बंद करून मिनिटभर थांबलात तरी पुरे. ऐंशी अंशांचा सल्ला ग्रीन टीसाठी असतो, तो इथं लावला की गोळ्या उलगडतच नाहीत आणि पाणचटपणाची तक्रार सुरू होते.

जाण्याची वेळ गर्दी नसलेली निवडा. संध्याकाळी गिऱ्हाईकं खोळंबलेली असताना कुणीही दुकानदार अर्धा तास तुमच्या बशा मांडू देणार नाही. नमुन्याचे पैसे देतो असं आधीच सांगा. तोंड स्वच्छ हवं. मिसळ, पान, तंबाखू, बडीशेप, कंदी पेढा यांतलं काहीही तासभर आधी नको. अत्तर किंवा सेंटही नको. उपाशीपोटीही जाऊ नका, कारण ऊलाँगमध्ये कॅफिन असतं आणि चार चहा लागोपाठ चाखले की हात थरथरतात. घोट गिळायलाच हवा असं नाही, जिभेवर फिरवून रिकाम्या पेल्यात टाकला तरी चालतो. एका वेळी तीन, फार तर चार चहा, आणि क्रम हलक्याकडून भाजलेल्याकडे. उलटा क्रम लावला तर हलका चहा उगाच नापास होतो.

आता कोरडं पान. पांढऱ्या कागदावर चमचाभर पसरा. बरणीतलं वरचं पान नको, तळातलं काढायला सांगा. चुरा आणि भुकटी तळाशी बसते आणि बरणी संपत आली की गिऱ्हाइकाला तीच मिळते. गोळीचा चहा आकाराने साधारण सारखा, जड आणि घट्ट हवा. लांबट पान अख्खं आणि वळलेलं हवं. गोळीला लागून देठ दिसला तर घाबरू नका. तिएग्वानयिन आणि तैवानच्या चहात दोन-तीन पानं देठासकट तोडतात, त्यामुळे देठ हे स्वतःच हलक्या प्रतीचं लक्षण नव्हे. नुसत्या सुट्या काड्या फार असतील तर मात्र निवडणीचं काम न करता माल भरलाय. हिरव्या चहाचा रंग फिका, पिवळट, निस्तेज वाटला तर तो जुना आहे किंवा काचेच्या बरणीत उजेडात राहिला आहे.

कोरड्याचा वास घ्यायची योग्य रीत: कप गरम पाण्याने विसळून रिकामा करा, त्यात पान टाका, बशीने झाका, दोनदा हलवा आणि झाकण किलकिलं करून वास घ्या. थंड पानाचा वास फसवतो, गरम कपात लपलेलं बाहेर येतं. चांगल्या चहात फुलं, भाजलेले दाणे, पिकलं फळ, मध असं काहीतरी ओळखू येतं. जुन्या पुठ्ठ्याचा किंवा खवट तेलाचा वास आला तर पुढे जायची गरज नाही.

इथल्या दुकानांची एक अडचण वेगळी लिहायला हवी. चहा पावडरची बरीच दुकानं मसाले, हळद, उदबत्तीही विकतात. सांगलीच्या गणपती पेठेसारख्या बाजारात तर शेजारीपाजारी हळद-मिरचीच दळली जात असते. चहा वास ओढून घेतो. मोगऱ्याचा चहा याच गुणावर बनवतात. ममरीला थोडा गरम मसाल्याचा वास लागला तर कुणाला कळत नाही, ऊलाँगचं तेवढ्यानं वाटोळं होतं. म्हणून बरणी कुठे ठेवली आहे ते बघा, झाकण घट्ट आहे का ते बघा, आणि शक्य असेल तर बरणीतला न घेता कारखान्याच्या बंद पाकिटातला मागा. चिनी हिरवा ऊलाँग अनेकदा ७-८ ग्रॅमच्या हवाबंद पुड्यांत येतो. तो पुड्या फोडून बरणीत भरलेला असेल तर दुकानदाराने त्याचं अर्धं आयुष्य तिथंच संपवलं.

चव दोन प्रकारे पाहायची आणि या दोन्हींचं काम वेगळं आहे. पहिली कसोटीची. २ ग्रॅम पान, काट्यावर तोलून १०० ग्रॅम पाणी, झाकून ६ मिनिटं. आंतरराष्ट्रीय चाचणीची आयएसओ ३१०३ पद्धत याच प्रमाणाची आहे. इतका वेळ मुद्दाम द्यायचा, कारण चहातला दोष मग लपत नाही. गाळा, थोडा निवू द्या आणि हवेसकट सुर्रकन ओढा. बशीतून चहा ओढणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही, फक्त चारचौघांत लाजू नका. असा चहा थोडा तुरट लागणारच. तुरटपणा, म्हणजे जीभ कोरडी पडणं, घोटाबरोबर सुटून मागे गोडसर लाळ आली तर उत्तम. कडवटपणा जिभेच्या मागे चिकटून राहिला आणि पाणी पिऊनही गेला नाही तर नापास.

दोषांची कारणं ओळखता आली की दुकानदाराशी बोलणं सोपं होतं. कच्च्या गवताचा वास आणि बोचरा तुरटपणा असेल तर पान नीट मलूल न होऊ देता घाईने भाजलंय. पावसातल्या तोडणीत हे जास्त होतं. नको तिथं आंबटपणा आला तर ओलसर पान रेंगाळलं किंवा तयार चहाने नंतर दमट हवा ओढली. आन्शीच्या काही हिरव्या चहांत हलका आंबूसपणा मुद्दाम राखतात, तो स्वच्छ आणि फळासारखा असतो, शिळ्या ताकासारखा नसतो. नुसता करपट, कोळशाचा स्वाद आणि मागे काहीच नाही, तर बहुधा शिळा माल पुन्हा भाजून काढला आहे. नुकती झालेली भाजणीही सुरुवातीला आगीसारखी लागते, महिना-दोन महिने मुरल्यावर बसते. फरक असा की तिच्यात करपटपणाच्या खाली गोडी असते. कोंदट, ओल्या पोत्याचा वास म्हणजे साठवण वाईट. साताऱ्याच्या पश्चिमेला, मेढा-महाबळेश्वर पट्ट्यात, पावसाळ्यात उघडलेल्या बरणीचं हे हमखास होतं. जून ते सप्टेंबर सुटा हिरवा ऊलाँग घेऊच नये असं माझं मत आहे.

दुसरी चव पिण्याची. ५ ग्रॅम पान, १०० मिली पाणी. घट्ट गोळी असेल तर गरम पाणी ओतून लगेच फेकून द्या, पान जागं होतं. मग पहिलं पाणी २० सेकंद, दुसरं १५-२०, तिसरं ३०, चौथं ४५, पाचवं मिनिटभर. दर वेळी पाणी पूर्ण ओतून काढायचं. कपाच्या तळाशी राहिलेलं पाणी पुढचा घोट कडू करतं. थर्मासचं पाणी थोडं निवलेलं असेल तर प्रत्येकी दहा सेकंद वाढवा. चमच्याने मोजू नका. चमचाभर गोळ्या ३ ग्रॅमच्या वर जातात आणि चमचाभर लांबट पान दीड ग्रॅमही भरत नाही. घरच्या पाणचट चहाचं हे पहिलं कारण.

पहिलं पाणी सगळ्यांचंच बरं लागतं. निर्णय तिसऱ्यावर करायचा. चांगला ऊलाँग तिसऱ्या पाण्याला भरतो, वास बदलतो, चहाला थोडा दाटपणा येतो आणि पाचव्यालाही काही शिल्लक असतं. ‘मिल्क ऊलाँग’ इथंच उघडा पडतो. तैवानची जिन शुआन नावाची जात १९८१ मध्ये आली, तिच्यात साईची हलकी छटा मुळातच असते. बाजारातला बराचसा मिल्क ऊलाँग मात्र साध्या पानावर वास चढवून केलेला असतो. बंद पाकिटातूनच कंडेन्स्ड मिल्कचा भपकारा आला, पहिलं पाणी मिठाईसारखं लागलं आणि तिसऱ्याला सगळं उडून फक्त तुरट पाणी उरलं, तर तो चढवलेला वास. आवडला तर प्यायला हरकत नाही, पण मग त्याचे जिन शुआनचे पैसे देऊ नका.

आता पान बशीत पसरा. हे दुकानदाराला कागदपत्र मागण्यापेक्षा उपयोगी पडतं. ऊलाँगचं भिजलेलं पान अख्खं, लवचीक, मधे हिरवट आणि कडेला तांबूस दिसायला हवं. सगळं पान एकसारखं तांबूस-तपकिरी आणि फाटकं असेल तर तो काळा चहा आहे, किंवा त्याच्या इतका जवळचा की ऊलाँगचा भाव देण्यात अर्थ नाही. दार्जिलिंगच्या बाबतीत हा गोंधळ जास्त होतो, तिथं निदान काही पानांत तरी हिरवटपणा शोधा. सगळंच हिरवं असेल तर थांबा: आन्शीत आजकाल तांबूस कडा झाडून काढतात, त्यामुळे पानाच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. कडा अखंड, पान हिरवं आणि चव पालेभाजीची, तर तो ग्रीन टी गोळ्या करून विकलाय. चार पाण्यांनंतरही जे पान काळं, टणक राहतं आणि उलगडत नाही ते अति भाजलेलं.

दुकानदाराला विचारायचं ते थोडक्यात: कुठल्या भागातला, कोणत्या साली आणि महिन्यात तोडलेला, पाकीट कधी उघडलं. ‘चायनाचा आहे, इम्पोर्टेड आहे’ हे उत्तर नव्हे. मूळ पाकीट दाखवा म्हणा. त्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक, आयात केलेला असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि तारखा असायला हव्यात. वूयीच्या खडकावरच्या चहांतला नावाजलेला दा होंग पाओ दाखवून ‘मूळ झाडाचा’ असं कुणी म्हणालं तर हसून विषय बदला. वूयीतल्या त्या मोजक्या जुन्या झाडांची तोडणी २००६ पासून बंद आहे. बाजारातला दा होंग पाओ कलमांचा किंवा मिश्रणाचा असतो आणि चांगलाही असू शकतो. वजन उतरवणारा चहा म्हणून कुणी खपवत असेल तर त्या कारणासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

भावाचा हिशेब किलोवर करू नका, पाण्यांवर करा. समजा एक चहा १०० ग्रॅमला ६०० रुपये आहे. ५ ग्रॅमचे ३० रुपये झाले, पाच पाणी निघाली, म्हणजे छोटा कप ६ रुपयांना. दुसरा ३०० रुपयांचा, पण दोन पाण्यांतच संपला, तर १५ रुपयांत दोन कप, साडेसात रुपयांना एक. स्वस्त चहा महाग पडतो तो असा.

या तीन बरण्यांपैकी कोणता, तर कडक चहावर वाढलेल्या जिभेला मी आधी दार्जिलिंगचा ऊलाँग सुचवेन, पानाच्या परीक्षेत उतरला तर. हिरवा गोळीचा चहा पहिल्यांदा जवळजवळ सगळ्यांना फिका लागतो आणि लोक ऊलाँगवरच फुली मारतात. दुकानदार मागवून देत असेल तर मध्यम भाजलेला डोंग डिंग पद्धतीचा मागवा, त्याची भाजक्या दाण्यासारखी गोडी लवकर आपलीशी होते. दूध घालायचा विचार असेल तर ऊलाँग घेऊ नका, त्यासाठी शेजारच्या डब्यातली आसामची ममरी जास्त चांगली आणि कितीतरी स्वस्त आहे. साखर पहिले आठ दिवस तरी लांब ठेवा.

प्रमाण: पहिल्यांदा २५ ग्रॅम, पसंत पडला तर पुढच्या वेळी ५०. ५० ग्रॅम म्हणजे ५ ग्रॅमच्या दहा बैठका. दुकानदार पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू लागला तर थांबवा. आतून चंदेरी असलेली जाड पुडी मागा, नाहीतर घरून स्टीलचा छोटा, घट्ट झाकणाचा, पूर्वी मसाला न ठेवलेला डबा न्या. डबा चहाने जवळपास भरेल एवढाच हवा, कारण रिकाम्या जागेतली हवाच पान शिळं करते. फडताळात ठेवा, गॅसच्या वर नको, मसाल्याच्या डब्याशेजारी नको. हिरवा ऊलाँग उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा. न उघडलेल्या हवाबंद पुड्या फ्रीजमध्ये ठेवल्या तर चालतात, पण काढल्यावर पुडी खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच फोडा, नाहीतर पानावर दव धरतं. भाजलेला चहा कोरड्या जागी वर्षभर नीट राहतो. आणि घरी पहिल्यांदा करताना दुकानातलंच प्रमाण ठेवा, ५ ग्रॅमला १०० मिली. तिथं आवडलेला चहा घरी वेगळा लागला तर आधी वजन, मग पाणी तपासा. दोन्ही तेच असूनही चव वेगळी असेल तर दुकानात चाखलेला आणि पुडीत बांधलेला माल एक नव्हता, आणि तसं दुकानदाराला जाऊन सांगायला हरकत नाही.